दोन बोटं दोरा

१

जगाच्या पार पलीकडच्या टोकावरून सुटलेलं ते विमान आठवड्यातून दोनदा, रविवारी आणि गुरुवारी, सकाळी साडेदहाला उतरायचं. अंतर बारा हजार सहाशे किलोमीटर. वेळ चौदा तास दहा मिनिटं. हे दोन आकडे डिस्पॅचच्या खोलीत दारासमोरच पितळी अक्षरांत ठोकलेले होते. नवीन माणूस आला की त्याला आधी ते वाचायला लावायचे, मग बाथरूम कुठे आहे ते सांगायचे.

विमान वैमानिक चालवतात. पण ते कुठल्या वाटेने जाणार, किती वेळात पोचणार, टाक्यांत किती इंधन घेणार, हे जमिनीवर बसून ठरवणारी माणसं वेगळी असतात. धाकटी त्यांतली एक. इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षी सोडलेली. डिस्पॅचच्या परवान्याची परीक्षा पहिल्या झटक्यात, त्या वर्षीच्या सगळ्यांत वरच्या नंबराने पास झालेली. घरात मात्र पहिलं वाक्य रोज निघायचं, दुसरं आजवर एकदाही निघालं नव्हतं. तिने परवान्याची चौकट स्वतःच विकत आणली होती आणि पलंगासमोर खिळा ठोकून लावली होती. सकाळी उठल्यावर पहिलं तेच दिसायचं. छाती फुगवायला तिला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती.

विमान उतरलं की तिचं काम ठरलेलं. लॉगमध्ये उड्डाणाचा वेळ लिहायचा, मग उरलेलं इंधन लिहायचं, मग चहा. वेळेच्या रकान्यात तिने त्या सकाळी १४:१० लिहिलं. वरच्या ओळीतही १४:१० होतं. तिच्या वरच्या ओळीतही. तिने पान उलटलं, मग मागचं, मग त्याच्या मागचं. आठ महिने, अडुसष्ट फेऱ्या, आणि एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही.

पूर्वी असं नव्हतं. वारा पाठीशी असला तर विमान दहा मिनिटं आधी यायचं, समोरून असला तर पंधरा मिनिटं उशिरा. विमान आहे, भिंतीवरचं घड्याळ नाही. आणि दुसरं म्हणजे, त्या अडुसष्टही फेऱ्यांत इंधन हिशेबापेक्षा चार टन जास्त जळलं होतं. शेऱ्याच्या रकान्यात अडुसष्ट वेळा एकच शब्द होता: वारा.

समोरून वारा असला की इंधन जास्त लागतं, हे पोरसुद्धा सांगेल. पण मग वेळही जास्त लागतो. चार टन म्हणजे त्या विमानाची एक्केचाळीस मिनिटं. एक्केचाळीस मिनिटांचं इंधन जळालं होतं, आणि ती एक्केचाळीस मिनिटं कुठल्याच घड्याळात नव्हती.

तिचा चहा तसाच राहिला.

२

खोलीच्या मुख्य साहेबांना पाठीमागे सगळे पाचमिन्टे म्हणायचे, आडनाव असल्यासारखं. काहीही विचारलं की ते म्हणायचे, पाच मिनिटांचा फरक चालतो. धाकटीने लॉगची पानं त्यांच्यापुढे पसरली तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि भिंतीवरच्या प्रशस्तिपत्राकडे बोट दाखवलं. सलग अडुसष्ट फेऱ्या अचूक वेळेवर. असला विक्रम जगात कुणाच्या नावावर नाही, म्हणाले. यंत्रं तपासून झाली होती, मापकं बदलून झाली होती, तीन वेगवेगळी विमानं लावून झाली होती. राहिला तो वारा.

"आणि मुली, ही रेष कुणाची आहे हे तुला तरी मी सांगायला नको."

नकोच होतं. ती तिच्या बाबांची रेष होती.

त्या खोलीची एक रीत होती. नवा हवाई मार्ग ज्याने आखला, ती रेष त्याची. तो हयात असेपर्यंत त्या रेषेचं अंतर, वेळ आणि इंधन त्याच्या सहीशिवाय कुणी बदलायचं नाही. तो निवृत्त होवो, त्याला ऐकू न येवो, सही त्याचीच. हात थकले की त्याने दोऱ्याचं टोक दुसऱ्याच्या हातात द्यायचं, मग ती रेष त्याची. रीत कुणी घातली ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि चुकीची रेष असेल तर काय करायचं हे रीत घालणाऱ्याच्या डोक्यात आलं नसावं. मोठ्या माणसांच्या रीतींत ती एक जागा नेहमी मोकळी असते.

बाबांनी ही रेष चाळीस वर्षांपूर्वी आखली होती. खोलीच्या मधोमध पृथ्वीचा मोठा गोल होता, पोराला मिठी मारता यावी एवढा. त्या दोन विमानतळांवर दोन टाचण्या, आणि टाचणी ते टाचणी ताणलेला मेण लावलेला सुती दोरा. यंत्रांनी तेव्हा तासाभराने वेगळा आकडा काढला होता. बाबांनी दोरा ताणला, बोटाने छेडला, पट्टी लावली आणि चौदा तास दहा मिनिटं असं ठणकावून सांगितलं. पहिलं विमान चौदा तास दहा मिनिटांत उतरलं. तेव्हापासून ते वाक्य घरात देवाच्या दिव्यासारखं तेवत होतं. धाकटी लहान असताना शाळेत वडील काय करतात विचारलं की ती उत्तर द्यायची, माझ्या बाबांनी जगाला दोरा बांधलाय. खोटं कशाला बोला, आजही ते आठवलं की तिची मान ताठ व्हायची.

निवृत्त झाल्यावरही बाबा दर गुरुवारी सकाळी यायचे. इस्त्रीचा शर्ट, चकाकते बूट. गोलापुढे उभे राहायचे, सगळे आपापल्या खुर्च्यांवरून उठायचे, आणि बाबा मधल्या बोटाने दोरा छेडायचे.

टण्.

बारीक आवाज, डास कानाजवळून गेल्यासारखा. बाबा मान हलवायचे. रेष ठीक आहे, पाचमिन्टे म्हणायचे. मग बिस्किटं यायची.

३

त्या मार्गावर विमान चालवायची ती धाकटीची मोठी बहीण. ताई कॅप्टन झाली त्या दिवशी बाबांनी स्वतःच्या मनगटावरचं किल्लीचं घड्याळ काढून तिच्या हातात बांधलं होतं. ते घड्याळ जगात कुठेही गेलं तरी घरची वेळ दाखवायचं. ताईने त्याचा काटा कधी हलवायचा नाही असं ठरलं होतं. रेष पुढे तिलाच मिळणार हे घरात गृहीत होतं. धाकटीला कुणी विचारलंही नव्हतं, आणि तिने मागितलंही नसतं.

एका दुपारी ताई घरी आली, बॅग दारात ठेवली आणि बाथरूमकडे जाताजाता घड्याळाची किल्ली ओढून काटा मागे फिरवू लागली. धाकटी खुर्चीत बसून जेवत होती. तिने विचारलं, काटा कशाला हलवतेस. ताई म्हणाली, पुढे जातं हे हल्ली. दुरुस्तीवाल्याकडे तीनदा नेलं, तो म्हणतो घड्याळ ठणठणीत आहे, घरी आठवडाभर ठेवलं तर सेकंदही चुकत नाही. फक्त त्या फेरीहून आलं की पुढे गेलेलं असतं.

"किती?"

"एक्केचाळीस मिनिटं."

धाकटीने ताट बाजूला सारलं. मग तिने इंधनाचं सांगितलं. ताईने ऐकून घेतलं. ती बाबांची लाडकी होती आणि शहाणी होती. या दोन्ही गोष्टी एका माणसात असल्या की त्यांतली एक गप्प बसते. तिने खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला.

मग म्हणाली, हसू नकोस, पण वाटेत एक गंमत होते. समुद्रावर असताना, कुठेतरी. मी गरम कॉफीचा कप हातात घेते. बाजूचा वैमानिक काहीतरी बोलत असतो. मग एक बारीक आवाज येतो. मग मी कप तोंडाला लावते तर कॉफी गारढोण. आणि बाजूचा त्याच वाक्याचा पुढचा शब्द बोलतो.

"कसला आवाज?"

ताईने टॉवेलची किनार दोन चिमटींत ताणली आणि मधल्या बोटाने छेडली. आवाज आला नाही, पण यायची गरजही नव्हती.

त्या रात्री झोप लागावी म्हणून धाकटीने स्वतःला बरीच कारणं दिली. दमणूक. कमी दाब. विमानातली कॉफी असतेच तसली. शिकलेली, परवानाधारक मुलगी होती ती. कारणं सगळी पटण्यासारखी होती आणि पटलं एकही नाही.

४

पुढच्या गुरुवारी बाबा आले तेव्हा ती गोलाच्या अगदी जवळ उभी राहिली. आणि तिला दोऱ्यावर गाठ दिसली. मधल्या समुद्रावर, मुगाएवढी, मेणाने गुळगुळीत केलेली.

तिने पाचमिन्ट्यांना हळूच विचारलं तर ते म्हणाले, आठ महिन्यांपूर्वी तुझ्या बाबांनी छेडताना दोरा तुटला होता. जुना झालाय. नवीन आणू म्हटलं तर ऐकतायत थोडेच. तिथल्या तिथे गाठ मारली आणि विषय संपला. त्याच दोऱ्याने विमान पोचलंय, म्हणाले, त्याच दोऱ्याने पोचेल.

आठ महिने. धाकटीच्या पाठीवरून कुणीतरी ओलं बोट फिरवल्यासारखं झालं.

तेवढ्यात बाबांनी दोरा छेडला आणि तो पुन्हा तुटला. दोन टोकं गोलावर लोंबली. बाबा हसले, मेणाची वडी मागितली, टोकं जुळवली, वळसा घेतला, ओढली. दुसरी गाठ. पहिलीपासून वीतभर पुढे. टण्. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

धाकटीने वाजवल्या नाहीत. तिच्या डोळ्यांसमोर जे झालं ते बाकीच्या दहा डिग्रीवाल्यांना दिसलंच नव्हतं. कुठल्याही शिवणाऱ्या बाईला कळेल अशी गोष्ट होती. तुटलेल्या दोऱ्याला गाठ मारली की दोरा आखूड होतो. गाठीच्या पोटात दोन बोटं दोरा जातो. तो टाचणीपर्यंत पुरायला नको. पण दोरा पुरला होता. तसाच ताठ, या टाचणीपासून त्या टाचणीपर्यंत, जराही कमी नाही.

मग ती दोन बोटं आली कुठून?

सगळे बिस्किटांकडे वळल्यावर तिने पट्टी लावली. त्या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे चौदा मिनिटं आणि वर थोडं. दोन बोटं म्हणजे एक्केचाळीस.

रविवारी दुसऱ्या एका कॅप्टनने ते विमान आणलं. वेळ १४:१०. टाकीत इंधन उरलं होतं अठ्ठावीस मिनिटांचं. कॅप्टन घामाने भिजलेला होता. पाचमिन्ट्यांनी विमान हँगरमध्ये पाठवलं, दुसरं लावलं आणि शेऱ्यात गळती असं लिहिलं. एक शब्द तरी बदलला.

५

पुढचा गुरुवार ताईचा होता.

धाकटीने एका कागदावर हिशेब मांडला, पोरांना कळेल असा. सगळं मिळून विमानात वेळेच्या वर एक तास पन्नास मिनिटांचं जादा इंधन असतं. एक गाठ एक्केचाळीस मिनिटं खाते. दोन गाठी ब्याऐंशी. उरतात अठ्ठावीस. आणखी एक गाठ पडली तर टाक्या धावपट्टीच्या तेरा मिनिटं आधी कोरड्या होतील. खाली तिथे समुद्र आहे.

तिने कागदावर गाठ हा शब्द लिहिला नाही. 'अज्ञात कारण' लिहिलं. तेवढी अक्कल तिला होती. आठ टन इंधन वाढवून मागितलं. पाचमिन्टे म्हणाले, एक टनाच्या वर रेषेच्या मालकाची सही लागते, तुला माहीत आहे. ती घरी गेली आणि जेवणाच्या टेबलावर बाबांपुढे कागद ठेवला.

बाबांनी तो वाचलाही नाही. ताटाखाली सरकवला. म्हणाले, चौथ्या वर्षापर्यंत टिकली असतीस तर आकडे कसे मांडतात ते कळलं असतं. आई म्हणाली, जेवताना नको. त्या घरात काहीच कधीच नको असायचं, जेवताना, जेवल्यावर, पाहुणे असताना, पाहुणे गेल्यावर.

मग तिने ताईला फोन लावला. तिकडे सकाळ होती, ताई हॉटेलच्या खोलीत बूट बांधत होती. कॅप्टन म्हणून ती स्वतः जादा इंधन मागू शकत होती. धाकटीने तेवढंच मागितलं. माझ्यासाठी घे. ताई म्हणाली की बाबांच्या रेषेवर त्यांच्याच पोरीने जादा इंधन मागितलं, हे भिंतीवर लागेल गं. ते मरतील.

"आणि तू?"

"अठ्ठावीस मिनिटं पुरतात मला," ताई म्हणाली. तिच्या आवाजात बाबांची मान होती, ताठ. "एवढी काही वाईट नाही चालवत मी विमान."

धाकटीला तिचा राग आला, आणि त्या रागातही तिला अभिमान वाटला. याचा तिला आणखी राग आला.

६

गुरुवारी सकाळी सव्वानऊला बाबा आले. आज त्यांनी कोट घातला होता. कागदाची गोष्ट पाचमिन्ट्यांनी त्यांच्या कानावर घातली असणार, कारण बाबा नेहमीसारखे गोलाकडे गेले नाहीत. आधी खोलीच्या मध्ये उभे राहिले आणि म्हणाले की काही जणांना रेषेवर शंका आहे असं ऐकतो. तर या, जवळ या, बघा.

ताईचं विमान सत्तर मिनिटांच्या अंतरावर होतं. रेडिओवर नुकताच तिचा आवाज येऊन गेला होता: सगळं ठीक, इंधन अपेक्षेपेक्षा कमी, लक्ष ठेवून आहे. शेवटच्या तीन शब्दांआधी ती किंचित थांबली होती. ते थांबणं फक्त बहिणीला ऐकू आलं.

धाकटी म्हणाली, "बाबा, आज नका छेडू."

बाबांनी तिच्याकडे बघत बघत बोट दोऱ्याखाली घातलं आणि जोरात ओढलं. दोरा तुटला. आपल्या टाचणीपासून जेमतेम अडीच बोटांवर.

मेणाची वडी त्यांच्या कोटाच्या खिशातच होती. वळसा, ओढ, गाठ. टण्. दोरा तंतोतंत पुरला. बाबांच्या चेहऱ्यावर असं तेज होतं की क्षणभर तिला शाळेतलं ते वाक्य पुन्हा म्हणावंसं वाटलं.

तिने पट्टी लावली. टाचणीपासून नव्या गाठीपर्यंत साडेतीन सेंटिमीटर. पन्नास मिनिटं. साडेदहाला उतरणारं विमान त्या गाठीपाशी पोचणार नऊ चाळीसला. भिंतीवर नऊ सव्वीस झाली होती. वाटेत दुसरं विमानतळ नव्हतं. अडचणीला म्हणून ठेवलेलंही आपल्याच टोकाला, गाठीच्या अलीकडे.

ती बोलली ते शांतपणे बोलली, म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं. दोरा आखूड व्हायला हवा होता, बाबा. तीनदा तुटला, तीनदा गाठ मारलीत, सहा बोटं दोरा आत गेला. तरी पुरतो. कसा पुरतो ते सांगा. मी डिग्री नसलेली आहे, तुम्ही सांगा.

पाचमिन्टे म्हणाले, दोरा ताणला जातो, एवढातेवढा फरक—

"सर, तुम्ही गप्प बसा."

तिने बाबांच्या मनगटाकडे पाहिलं. घड्याळ नव्हतं तिथे, नुसता पांढरा पट्टा राहिला होता कातडीवर. बाबांनीही तिकडेच पाहिलं. मग खाली पाहत, गोलाशी बोलावं तसे बोलले.

"पहिल्यांदा तुटला तेव्हाच दिसलं होतं मला. पुरला, तेव्हा." मग म्हणाले, "मला वाटलं, माझ्या हाताची करामत."

आठ महिने. या माणसाने आठ महिने ते पाहिलं होतं आणि बिस्किटं खाल्ली होती. धाकटीला ओरडायचं होतं. पण नऊ एकोणतीस झाली होती.

"सोडा ती गाठ," ती म्हणाली. "ताई अजून गाठीपाशी पोचली नाहीये. तुमची रेष आहे, तुम्हीच सोडा."

७

बाबांनी खूप प्रयत्न केला, हे मान्य करावं लागेल. पण मेण घट्ट बसलं होतं आणि नखं कापलेली होती. गाठ सैल व्हायच्याऐवजी घट्ट होत होती. नऊ बत्तीस. नऊ तेहतीस. खोलीतल्या सगळ्या ज्येष्ठांना अचानक आपापल्या बुटांत काहीतरी सापडलं होतं.

मग बाबांनी आपल्या बाजूच्या टाचणीवरून दोऱ्याचं टोक सोडवलं. चाळीस वर्षांत ते कुणाच्या बोटाला लागलं नव्हतं. त्यांनी ते धाकटीच्या तळहातावर ठेवलं आणि तिची बोटं त्यावर मिटली.

"घे," ते म्हणाले. "रेष तुझी."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तिला त्यांची गरज नव्हती. तिने टोक पुन्हा टाचणीला बांधलं, केसांतली पिन काढली, गाठीच्या पोटात घातली आणि खालचा ओठ दाताखाली धरून उकलू लागली. हे काम तिला येत होतं. घरात सगळ्यांच्या नाड्या, बुटांच्या लेसी, ताईच्या साखळ्या लहानपणापासून तीच सोडवायची. गुंता दिसला की सगळे हाक मारायचे, ए धाकटे.

नऊ अडतीसला गाठ सुटली.

बाहेरचा दोरा चाळीस वर्षांच्या बोटांनी पिवळा झाला होता. आत गेलेली दोन बोटं पांढरीशुभ्र होती. जेमतेम बारा मिनिटं तो आत होता. आणि तो थंड होता, बर्फाच्या पेटीतून काढल्यासारखा, बोटाला चिकटेल असा.

तिने सुटलेली टोकं एकावर एक ठेवली, जादा दोन बोटं मागेपुढे जाऊ दिली आणि अंगठ्याने गोलावर दाबून धरली. रेष तुटू द्यायची नव्हती, वाढूही द्यायची नव्हती. ती तशीच उभी राहिली. नऊ चाळीस झाली. तिच्या अंगठ्याखालून काहीतरी गेलं, मुंगी चालावी तेवढंच. कदाचित नाडी असेल. ती नाडीच होती असं तिने ठरवलं.

बावन्न मिनिटं तिने हात हलवला नाही. कुणीतरी पाणी आणलं, बाबांनी ते तिच्या तोंडाला लावलं. साडेदहाला विमानाची चाकं टेकली. टाकीत अठ्ठावीस मिनिटांचं इंधन होतं.

धाकटीने अंगठा उचलला तेव्हा नखाखालचं कातडं निळं पडलं होतं. तिने त्याच हाताने लॉग भरला. शेऱ्याच्या रकान्यात वारा लिहिला नाही, गळतीही नाही. रकाना कोरा ठेवला. चाळीस वर्षांत त्या खोलीत कुणी एवढा खरा शेरा लिहिला नसेल.

८

अकराला ताई टोपी काखेत धरून आत आली. तिने आधी धाकटीकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग मनगटावरचं घड्याळ सगळ्यांना दिसेल असं पुढे केलं. ते एक तास बावीस मिनिटं पुढे होतं. दोन गाठींचं. तिसऱ्या गाठीचं त्यात काही नव्हतं.

"कॉफी दोनदा गार झाली," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा गरम होती. कुणी काय केलं?"

"तिने," बाबा म्हणाले. पाचमिन्ट्यांसमोर, दहा डिग्रीवाल्यांसमोर, स्पष्ट. "माझ्या धाकटीने."

ते दोन शब्द ऐकायला ती किती वर्षं थांबली होती हे तिला त्या क्षणी कळलं, आणि तिने चेहरा दुसरीकडे वळवला.

नवीन दोरा लावायचा असं ठरलं. बाबांनीच नवं रीळ मागवलं. जुना दोरा टाचण्यांवरून काढून धाकटीने टेबलावर पसरला. दोन गाठी राहिल्या होत्या. त्यांना कुणी हात लावायचा नाही असं ती म्हणतच होती. पण इतक्या वर्षांचा ताण गेला होता आणि खिडकीतून ऊन येत होतं. मेण मऊ झालं असेल. मधली गाठ, गेल्या गुरुवारची, तिच्या डोळ्यांदेखत एकदा वळली, जांभई द्यावी तशी, आणि आपोआप सुटली.

पांढरं. दोन बोटं. एक्केचाळीस मिनिटं.

कोपऱ्यातला रेडिओ खरखरला. त्या मार्गावर आता एकही विमान नव्हतं. पलीकडचं पुढचं विमान शनिवारी रात्री सुटणार होतं.

"डिस्पॅच," रेडिओ म्हणाला. "डिस्पॅच, वेळ सांगा."

तो ताईचा आवाज होता.

ताई रेडिओपासून दोन हातांवर उभी होती, तोंड मिटून. तिची टोपी खाली पडली. पाचमिन्टे म्हणाले की हे सकाळचं रेकॉर्डिंग कुठेतरी लागलंय, पण ते भिंतीशी बोलत होते. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. कुणीतरी पुटपुटलं, चौदा दहा सांगा, तेच सांगायचं असतं.

धाकटीने डाव्या अंगठ्याने पांढरी टोकं टेबलावर दाबली आणि उजव्या हाताने बटण धरलं. खोटी वेळ ती सांगणार नव्हती. तिच्या रेषेवर तरी नाही.

"मोजतेय," ती म्हणाली. "कुठे आहात?"

खरखर. मग ताईचा आवाज, दमलेला, पण ताठ.

"खाली काही दिसत नाही. वर काही दिसत नाही. सगळं पांढरं आहे." एक श्वास. "सगळे विचारतायत किती वेळ राहिला. फार थंडी आहे गं."

अंगठ्याखाली दोरा गार पडत चालला होता. बाजूला बाबा उभे होते. भ्यायलेल्या माणसाचा हात सवयीच्या जागी जातो. त्यांचंही मधलं बोट पुढे आलं, वाकलं, दोऱ्याखाली शिरू लागलं.

धाकटीने बटण सोडून त्यांचं मनगट धरलं. घड्याळाचा पांढरा पट्टा होता तिथेच.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "आता माझी आहे."